वाढणारे रोप आणि तोट्यातला हिशोब : बंद पेटीत प्रकाशसंश्लेषण व श्वसन मोजताना वारंवार होणारी चूक कशी शोधावी

संपूर्ण रोप पारदर्शक पेटीत ठेवून त्याच्या प्रकाशसंश्लेषणाचा आणि श्वसनाचा वेग मोजणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार माझ्याकडे दर वर्षी, बहुधा प्रकल्प सादर करण्याच्या पंधरा दिवस आधी, येते. दिवसा पेटीतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रात्री तो वाढतो, आलेख दिसायला अगदी हवा तसा असतो. पण चोवीस तासांची जमा-वजा मांडली की रोपाने कमावला त्याहून अधिक कार्बन गमावला, असे उत्तर निघते. तिकडे रोप मात्र नवी पाने काढत असते. तोट्यात चाललेल्या दुकानावर मालक नवा मजला चढवतो आहे असे दिसले, तर आपण दुकानावर नव्हे, हिशोबाच्या वहीवर संशय घेतो. येथेही वहीच तपासावी लागते, आणि ती कोणत्या क्रमाने तपासावी हे ठरलेले असले तर दोन-तीन दिवसांत दोष सापडतो.

मांडणी बहुतेकांची सारखीच असते. ॲक्रिलिकची पेटी, हवा ढवळण्यासाठी संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा, वर एलईडी दिवे, आत तापमान व आर्द्रता मोजणारा संवेदक आणि कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांवर चालणारा संवेदक. या वायूचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळचे अवरक्त किरण शोषतात, आणि किती किरण शोषले गेले यावरून संवेदक त्याचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे त्याचे रेणू किती या मापात, सांगतो. पेटी बंद केल्यावर हे प्रमाण दर मिनिटाला किती बदलते, म्हणजेच आलेखाचा उतार किती, यावरून वेग काढायचा असतो.

उताराचे मोलमध्ये, म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याच्या एककात, रूपांतर करताना पहिली ठेच लागते (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग), म्हणून आधी तेवढे निस्तरून टाकू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. या दाबाला आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला, उदाहरणादाखल घेतलेल्या पेटीतील ५० लिटर हवेत १.९२ मोल वायू मावतो. म्हणजे पेटीतील प्रमाण १ पीपीएमने बदलले की १.९२ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड हवेत आला किंवा हवेतून गेला. पाठ्यपुस्तकातला समुद्रसपाटीचा दाब डोळे मिटून वापरला तर उत्तर साडेसहा टक्क्यांनी फुगते, आणि हीच पेटी महाबळेश्वरला नेली तर पंधरा टक्क्यांहूनही अधिक. शिवाय ५० लिटर म्हणजे कुंडीने व्यापलेली जागा वगळून उरलेली हवा होय, पेटीच्या बाहेरील मापांचा गुणाकार नव्हे. तरीही ही चूक दिवसाच्या आणि रात्रीच्या आकड्यांना सारख्याच पटीने बदलते. ती नफ्याचा तोटा करू शकत नाही.

हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. काही चुका सर्व आकडे एकाच पटीने लहान-मोठे करतात, तर काही चुका दिवस असो वा रात्र, प्रत्येक आकड्याला एकाच दिशेने ढकलतात. वाढणाऱ्या रोपाचा हिशोब तोट्यात दिसत असेल तर दोष दुसऱ्या प्रकारचा असण्याची शक्यता फार मोठी आहे : कोठून तरी पेटीत सतत कार्बन डायऑक्साइड येतो आहे, जो दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा काही भाग झाकतो आणि रात्री श्वसन म्हणून मिरवतो. हा वायू आणणारे संशयित तीनच आहेत : कुंडीतली माती, खोलीतली हवा आणि मोजणारा माणूस.

मातीचा वाटा

यांपैकी माती ही बहुतेक वेळा मुख्य आरोपी निघते, आणि तिच्यावर संशय सर्वांत उशिरा जातो, कारण आपल्या मनात कुंडी म्हणजे रोपाला उभे राहण्याची जागा एवढीच असते. प्रत्यक्षात ती सूक्ष्मजीवांनी गजबजलेली, सतत श्वसन करणारी वस्तू आहे. मामला किती गंभीर आहे हे एका साध्या आकडेमोडीने कळते. समजा, टोमॅटोच्या कोवळ्या रोपाच्या पानांचे एकूण क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर आहे. प्रयोगशाळेतील दिव्यांचा प्रकाश उन्हापेक्षा फारच मंद असतो, म्हणून निव्वळ प्रकाशसंश्लेषणाचा, म्हणजे श्वसन वजा जाता उरलेल्या कमाईचा, वेग ५ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद धरू, आणि अंधारातील श्वसनाचा १. मग पाने उजेडात मिनिटाला १५ मायक्रोमोल घेतात आणि अंधारात ३ मायक्रोमोल सोडतात. आता २० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीतील मातीचा पृष्ठभाग ०.०३१ चौरस मीटर भरतो. मातीचे श्वसन ३ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद एवढे धरले, आणि ओलसर व खतावलेल्या मातीत ही काही अवाजवी कल्पना नव्हे, तर ती रात्रंदिवस मिनिटाला ५.६५ मायक्रोमोल सोडते. म्हणजे रात्री पेटीत जमणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग पानांचा नसतोच.

दिवे १० तास चालू आणि १४ तास बंद असतील तर पानांचा खरा हिशोब असा : दिवसा ९,००० मायक्रोमोल जमा, रात्री २,५२० खर्च, शिल्लक ६,४८०. पेटीला दिसतो तो हिशोब असा : दिवसा फक्त ५,६१० जमा, रात्री ७,२६६ खर्च, म्हणजे १,६५६ मायक्रोमोलचा तोटा. रोप तेच, पाने तीच, आणि संवेदकही अगदी खरे बोलतो आहे. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे.

हे तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे तेवढ्याच मातीने भरलेली, तेवढेच पाणी दिलेली, पण रोप नसलेली कुंडी पेटीत ठेवून उतार मोजणे. त्यात मुळांचे श्वसन आणि मुळांतून पाझरणाऱ्या शर्करेवर पोसणारे सूक्ष्मजीव येत नाहीत, म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. पण कमी असूनही तो रात्रीच्या आकड्याच्या निम्म्यावर गेला तर दोष कोठे आहे हे सांगायला पुरेसा असतो. अधिक अचूक उत्तर हवे असेल तर मोजणी संपल्यावर रोपाचे खोड मातीलगत कापावे, खुंटावर मऊ मेण लावावे आणि उरलेली कुंडी लगेच मोजावी. रोप गमवावे लागते, परंतु वाळवून वजन करण्यासाठी ते नाहीतरी कापायचेच असते.

मातीच्या बाबतीत आणखी तीन सवयी घातक ठरतात. पहिली, मोजणीच्या सकाळी वाळलेल्या कुंडीला भरपूर पाणी घालणे. कोरडी माती अचानक ओली झाली की सूक्ष्मजीवांच्या श्वसनाचा मोठा लोंढा येतो आणि तो काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत ओसरत राहतो. त्यातच मातीच्या छिद्रांमधली, कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा पाण्याने बाहेर ढकलली जाते. पाणी रोज ठरलेल्या वेळी थोडे थोडे द्यावे आणि मोजणी दुसऱ्या दिवशी घ्यावी. दुसरी सवय म्हणजे रोप जोमदार दिसावे म्हणून मिश्रणात शेणखत किंवा गांडूळखत सढळ हाताने घालणे. शेतात ती चांगली, पेटीत ती श्वसनाची भट्टी. तिसरी गोष्ट खास आपल्या दख्खनच्या पठाराची आहे. येथील काळ्या मातीत चुनखडीचे खडे सर्रास असतात, आणि आम्लधर्मी खताचे द्रावण त्यांवर पडले की कोणत्याही जीवाचा हात नसताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत. फसफसली तर ती माती या प्रयोगाला घेऊ नये. धुतलेली नदीची वाळू आणि पोषकद्रावण ही जोडी मला सर्वांत कमी त्रासाची वाटते. कोकणातील विद्यार्थ्यांनी मात्र किनाऱ्यावरची वाळू आणू नये, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा म्हणजे पुन्हा चुनखडीच असते.

कुंडी पिशवीत बांधून खोडाभोवती तोंड आवळण्याचा उपाय अनेक जण करतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून निराश होतात. भाजीवाल्याच्या पातळ पिशवीतून कार्बन डायऑक्साइड आरपार जातो, आणि बांधलेल्या पिशवीत तो हजारो पीपीएमपर्यंत साचत असल्यामुळे तेथून बाहेर पडण्याचा जोरही तसाच वाढतो. आतून चंदेरी थर असलेले पाकिटाचे प्लास्टिक यासाठी कितीतरी चांगले. खोडाभोवतीची फट मुलांच्या खेळातल्या मऊ रंगीत मातीने, म्हणजे मॉडेलिंग क्लेने, बुजवावी. पिशवी तासन्तास बांधलेली राहणार असेल तर मुळे गुदमरतील, म्हणून एका बारीक नळीने आतली हवा संथपणे खोलीबाहेर ओढून टाकावी आणि दुसऱ्या नळीने बाहेरची हवा आत येऊ द्यावी.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुळेही रोपाचाच भाग आहेत, मग त्यांचे श्वसन वगळले तर ते संपूर्ण रोपाचे मापन कसे? आक्षेप रास्त आहे. मुळे आणि त्यांना बिलगलेले सूक्ष्मजीव यांचे श्वसन या साधनांनी वेगळे करता येत नाही. म्हणून अहवालात आपण काय मोजले ते स्पष्ट लिहावे, म्हणजे जमिनीवरच्या भागाचा निव्वळ वेग, की रोप व कुंडी यांचा एकत्रित वेग, आणि दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊ नये.

गळती, खोली आणि माणूस

पेटीतून गळती होते हे सर्वांना ठाऊक असते, पण गळतीची दिशा कोणी विचारात घेत नाही. गळती ही आतल्या आणि बाहेरच्या प्रमाणातील फरकाच्या पटीत होते. खिडक्या लावून वीस-पंचवीस जण बसलेल्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड सहज ७०० पीपीएमच्या वर जातो; पेटीत ४०० असेल आणि पेटी मिनिटाला आपल्या आकारमानाच्या फक्त एक टक्का हवा बदलत असेल, तर बाहेरून आत मिनिटाला ३ पीपीएमची भर पडते. वरच्या उदाहरणात पेटीला दिसणारा दिवसाचा उतार मिनिटाला जेमतेम ४.९ पीपीएम होता हे आठवले म्हणजे या ३ पीपीएमचे वजन कळते. त्यातच वर्ग रिकामा झाला की ही भर थांबते, आणि मग विद्यार्थी आलेखावर दुपारच्या सुट्टीतला एक कल्पित जैविक ताल शोधून काढतात. असा एक ताल मी स्वतः काही वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने फळ्यावर समजावून सांगितला होता, हे कबूल करतो.

माणसाचा उच्छ्वास त्याहून वाईट. आपण सोडलेल्या हवेत सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. अर्ध्या लिटरच्या एका साध्या उच्छ्वासात २० मिलिलिटर वायू असतो, आणि तो ५० लिटरच्या पेटीत गेला तर प्रमाण ४०० पीपीएमने वाढते, म्हणजे एका श्वासात दुप्पट होते. झाकण लावताना श्वास रोखणे, तोंड बाजूला वळवणे, झाकण लावण्यापूर्वी पेटी दोन-तीन मिनिटे खिडकीजवळच्या हवेने धुऊन घेणे आणि झाकण लागल्यावर पहिल्या मिनिटाचे आकडे सोडून देणे, एवढे पाळले तरी पुरते. पेटी उघड्या व्हरांड्यात ठेवता आली तर अर्धी भांडणे मिटतात.

गळती मोजण्यासाठी महागड्या वायूच्या टाकीची गरज नाही. सोडियम बायकार्बोनेटचा रेणुभार ८४ आहे, म्हणून त्याचे ८४ मिलिग्रॅम म्हणजे बरोबर १ मिलिमोल, आणि आम्लाशी त्याची पूर्ण प्रक्रिया झाली की १,००० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड सुटतो. रोप व कुंडी बाहेर काढून त्यांच्या जागी तेवढ्याच आकारमानाची पाण्याने भरलेली बंद बरणी ठेवावी, म्हणजे हवेचे आकारमान ५० लिटरच राहते. एका छोट्या कुपीत तोललेले बायकार्बोनेट ठेवून पेटी बंद करावी आणि रबरी बुचातून सुईने दीड-दोन मिलिलिटर सौम्य आम्ल त्यावर सोडावे. वर सांगितलेल्या पुण्याच्या स्थितीत प्रमाण सुमारे ५२० पीपीएमने वाढले पाहिजे. या एका चाचणीतून मला आजवर जितके कळले तितके कोणत्याही माहितीपुस्तिकेतून कळले नाही. वाढ अपेक्षेपेक्षा कमी येऊन आकडा तेथेच स्थिर राहिला तर आकारमान चुकीचे धरले आहे किंवा संवेदक कमी सांगतो आहे. वाढ बरोबर येऊन आकडा नंतर घसरू लागला तर गळती आहे. मिनिटाला एक टक्क्याची गळती असेल तर बाहेरच्या हवेशी असलेला फरक साधारण ७० मिनिटांत निम्मा होतो. अर्ध्या तासात तो फरक चार-पाच टक्क्यांहून अधिक कमी होत नसेल तर पेटी कामापुरती घट्ट आहे असे समजावे.

गळती बहुधा झाकणाच्या कडेपेक्षा तारा व नळ्या जेथून आत शिरतात तेथे सापडते. आणि एक गळती छिद्राशिवायही होते : सिलिकॉन रबराच्या नळीतून कार्बन डायऑक्साइड भिंतीतूनच आरपार जातो. ती मऊ असते, सहज बसते, म्हणून सर्वांना आवडते. पण जेथे नळी लांब आहे तेथे नायलॉनची किंवा तांब्याची वापरावी.

सर्व काही तपासून झाल्यावर पेटीला रोपाकडूनच एक साक्ष मिळवता येते. टोमॅटो, वांगे, हरभरा अशा वनस्पतींना बंद पेटीत उजेडात ठेवले तर कार्बन डायऑक्साइड उतरत उतरत एका पातळीला थांबतो, जेथे घेणे आणि सोडणे समसमान होते. २५ अंशाच्या आसपास आणि पुरेशा उजेडात ही पातळी पानांपुरती साधारण ४० ते ६० पीपीएम असते. मका, ज्वारी व ऊस यांच्यात प्रकाशश्वसन, म्हणजे उजेडात पानाने ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडण्याची वेगळी क्रिया, जवळजवळ दिसतच नसल्यामुळे ती शून्याच्या थोडी वर असते. आपले टोमॅटोचे रोप २०० पीपीएमलाच अडकून बसत असेल तर त्याला आतून किंवा बाहेरून कोणीतरी कार्बन डायऑक्साइड पुरवत आहे, यात शंका उरत नाही. ही चाचणी केवळ निदानासाठी करावी, वेग काढण्यासाठी नव्हे. कारण प्रमाण घसरत जाते तसा प्रकाशसंश्लेषणाचा वेगही घसरतो, आणि म्हणून वेग नेहमी पहिल्या काही मिनिटांतल्या सरळ रेषेवरूनच काढायचा असतो.

उलट दिशेच्या चुका

येथवरच्या चुका प्रकाशसंश्लेषण कमी दाखवतात. काही चुका ते वाढवूनही दाखवतात, आणि त्या आधीच्या चुकांना झाकत असल्यामुळे एक दोष काढल्यावर दुसरा अचानक वर येतो.

बाष्प हे त्यातले ठळक उदाहरण. उजेडात पर्णरंध्रे उघडी असतात आणि ०.०५ चौरस मीटर पाने सेकंदाला ०.१ मिलिमोल पाणी सहज सोडतात. दहा मिनिटांत ते ६० मिलिमोल, म्हणजे पेटीतील वायूच्या ३ टक्क्यांइतके होते. दाब समान राहावा म्हणून पेटीला बारीक नळी ठेवलेली असते, तिच्यातून तेवढी हवा बाहेर जाते आणि उरलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड विरळ होतो. ४२० पीपीएमच्या ३ टक्के म्हणजे १२ पीपीएमची घट, अर्थात मिनिटाला १ पीपीएमहून थोडे अधिक प्रकाशसंश्लेषण, जे झालेलेच नाही. अंधारात रंध्रे बरीचशी मिटलेली असल्यामुळे रात्री ही चूक तेवढी होत नाही. उपाय आकडेमोडीचा आहे : प्रत्येक वाचनाला, हवेच्या एकूण दाबातून बाष्पाचा दाब वजा करून एकूण दाबाने भागल्यावर येणाऱ्या अपूर्णांकाने भागावे, म्हणजे कोरड्या हवेतील प्रमाण मिळते, आणि मोलही कोरड्या हवेचेच धरावेत. एकूण दाब ९५ आणि बाष्पाचा ३.५ किलोपास्कल असेल तर ४०५ पीपीएमचे वाचन खरे म्हणजे ४२० च्या आसपासचे असते. पेटीच्या भिंतीवर दव धरू लागले की मात्र मोजणी थांबवावी. थेंब प्रकाश अडवतात, थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतात आणि संवेदकाच्या आत शिरले तर त्याचे वाचनच भरकटते.

संवेदकाचा एक दोष असा आहे की तो दोष म्हणून नव्हे, सोय म्हणून आत घातलेला असतो. स्वस्त संवेदक मुळात कार्यालये व वर्गखोल्यांच्या हवेसाठी बनवलेले असतात. ठरावीक काळात, कोठे एका दिवसात तर कोठे साधारण आठवड्यात, आपल्याला दिसलेले सर्वांत कमी प्रमाण म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे गृहीत धरून ते स्वतःला ४०० पीपीएमला आणून बसवतात. माणसांच्या खोलीत हे शहाणपणाचे आहे. वनस्पतीच्या पेटीत, जेथे रोज दुपारी प्रमाण २५० पर्यंत उतरते, तेथे संवेदक त्या २५० ला ४०० समजू लागतो आणि सर्व वाचने दीडशेने वर सरकतात. उतार काढताना ही वाढ वजा होऊन जाते खरी, पण रोप प्रत्यक्षात किती कार्बन डायऑक्साइडमध्ये काम करते आहे याचा अंदाज पार चुकतो, आणि फेरबदल मोजणीच्या मधोमध झाला तर आलेखात एक पायरी उमटते. काही दिवसांच्या अंतराने, रोपाच्या कोणत्याही कृतीशी संबंध नसलेली अशी पायरी दिसली तर आधी ही स्वयंचलित सुधारणा बंद आहे का ते पाहावे. ती बंद केल्यावर शून्य तपासण्याची जबाबदारी आपली. सोडा लाइमच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या खड्यांच्या, नळीतून फिरवलेली हवा संवेदकाला द्यावी आणि वाचन शून्याजवळ येते का ते पाहावे. मग मोकळ्या मैदानातल्या दुपारच्या हवेत, म्हणजे सध्या सुमारे ४२० ते ४३० पीपीएममध्ये, पुन्हा पाहावे.

रात्रीचे श्वसन दुपारी मोजू नये

माती वगळली, गळती बुजवली, तरी श्वसन अवाजवी मोठे येत असेल तर ते केव्हा आणि कसे मोजले हे विचारावे. पेटीवर काळे कापड टाकून दुपारी अडीच वाजता श्वसन मोजायचे आणि त्याला १४ तासांनी गुणून रात्रीचा खर्च काढायचा, ही पद्धत सोयीची म्हणून रूढ झाली आहे. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. दुपारी पेटीत ३४ अंश असतील आणि हिवाळ्याच्या रात्री २२, तर दुपारचा आकडा रात्रीपेक्षा सुमारे २.३ पट मोठा असतो. ॲक्रिलिक दृश्य प्रकाशाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग आत सोडते आणि उष्णतेचे दीर्घ तरंग आत अडकवते, त्यामुळे पेटीतील तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी वर असणे नवलाचे नाही. खोलीच्या भिंतीवरचा तापमापक येथे उपयोगाचा नाही.

वेळेइतकीच घाईही नडते. दिवा बंद केल्याबरोबर टोमॅटोसारख्या वनस्पतींत प्रकाशश्वसनातून उरलेला कार्बन डायऑक्साइड क्षणभर उसळून बाहेर येतो. त्यानंतरही, उजेडात नुकत्याच तयार झालेल्या शर्करेमुळे श्वसन काही काळ चढे राहते आणि हळूहळू खाली येते. कापड टाकल्यापासून किमान अर्धा तास थांबावे, आणि रात्रीचा खर्च काढायचा असेल तर रात्रीच, दोन-तीन वेगवेगळ्या वेळी मोजावे. कापडाची परीक्षा करायला ते डोळ्यांवर धरून दिव्याकडे पाहावे. प्रकाशाचे ठिपके दिसले तर दुहेरी घडी करावी.

अंधारातील श्वसन निव्वळ प्रकाशसंश्लेषणात मिळवून एकूण प्रकाशसंश्लेषण काढण्याची प्रथा आहे. उजेडात पानातील श्वसन अंधारातल्याइतकेच असते असे तिच्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते बहुधा कमी असते. आकडा द्यायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे त्याच वाक्यात लिहावे.

निकाल जुळेना म्हणून खजील होणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. जोसेफ प्रीस्टले यांनी १७७१ मध्ये बंद भांड्यातील मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याच्या फांदीने पुन्हा शुद्ध होते असे दाखवले. परंतु पुढे तोच प्रयोग त्यांना स्वतःलाही दर वेळी साधेना. भांडे उजेडात आहे की अंधारात, याकडे लक्ष गेले नव्हते. तो धागा १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी पकडला. भांडे तेच, पुदिनाही तोच, आणि नोंद न केलेली एक गोष्ट निकाल फिरवत होती.

वजनाशी ताळा

सर्व दुरुस्त्या झाल्यावर हिशोब बरोबर आला की नाही हे पेटीला विचारू नये. ते तराजूला विचारावे. एकाच दिवशी पेरलेली, सारख्या उंचीची आठ-दहा रोपे निवडावीत. निम्मी पहिल्या दिवशी मुळांसकट धुऊन ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावीत, उरलेली दहा दिवसांनी. कोरड्या वजनात साधारण ४० ते ४५ टक्के कार्बन असतो आणि १ मोल कार्बन म्हणजे १२ ग्रॅम. वरच्या उदाहरणातील ६,४८० मायक्रोमोलची रोजची शिल्लक म्हणजे ७८ मिलिग्रॅम कार्बन, अर्थात पावणेदोनशे ते दोनशे मिलिग्रॅम कोरडे वजन. मुळांचे श्वसन त्यातून जायचे असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून थोडी कमीच दिसली पाहिजे. पेटीने दहा दिवसांत दीड ग्रॅम वाढ सांगितली आणि तराजूने १.३ ग्रॅम दाखवली, तर मी ती मांडणी स्वीकारतो. पेटीचा आकडा तराजूच्या दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर बायकार्बोनेटची चाचणी पुन्हा करावी, कारण बहुतेक वेळा मधल्या काळात कोणीतरी नवी तार आत घालण्यासाठी पेटीला आणखी एक भोक पाडलेले असते.

आणि क्वचित तराजूही तोटाच दाखवतो. मग पानांच्या उंचीवर, पेटी बंद असताना, प्रकाश मोजावा. भर दुपारच्या उन्हात प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश २,००० मायक्रोमोल प्रकाशकण प्रति चौरस मीटर प्रति सेकंदाच्या घरात असतो. कपाटातील दोन नळीदिव्यांखाली तो त्याच्या शंभराव्या हिश्श्यावर येऊ शकतो, जेथे टोमॅटोचे पान जेमतेम आपल्या श्वसनापुरते कमावते. अशा रोपाची नवी पाने बारीक, फिकट आणि लांब देठांची असतात, आणि ती जुन्या पानांच्या साठ्यावर वाढलेली असतात. त्या वेळी पेटीचा हिशोब बरोबर असतो. दिवा बदलावा लागतो.